पत्रिकांचा डाव

निलंग्यात लग्नपत्रिका छापणारे आणखी चार जण असतील, पण धोंडप्पांच्या प्रेसची पत्रिका हातात आली की जाणता माणूस आधी तिची घडी बघतो. काठाला काठ असा बसलेला असतो की मधून केस जायचा नाही. ही घडी कुणाची, असं कुणी विचारलं तर दानम्मा म्हणायची, "निम्मी माझी." कुणी विचारलं नाही तरी म्हणायची. उरलेली निम्मी साखराबाईची, हे मात्र तिच्या तोंडून ओढून काढावं लागायचं.

पंधरा वर्षं दोघी एकाच सतरंजीवर बसून घड्या घालत होत्या. दानम्मा गावातलीच, मठाच्या गल्लीतली. साखराबाई तिच्याहून आठ वर्षांनी मोठी, लामजना रोडवरच्या वाडीतून रोज सकाळी एसटीनं यायची. रोज एकदा दोघींचं भांडण व्हायचं आणि रोज दुपारी एकीची भाकरी नि दुसरीची चटणी एकत्र व्हायची. त्यातलं एक जरी चुकलं तरी धोंडप्पा विचारायचे, "आज काय बिनसलंय काय?"

डाव काढला तो साखराबाईनं. कुठल्याही ऑर्डरीत दहा-वीस पत्रिका जास्तीच्या निघतात. त्या रद्दीत घालायला धोंडप्पांचा जीव होत नसे. कुणाच्या तरी लग्नाची अक्षरं ती, पायदळी कशी जाऊ द्यायची? मग बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात त्यांनी एकेका लग्नाची एकेक पत्रिका साठवली. आषाढ लागला, लग्नं थांबली, प्रेस थंड पडला, की बायका बसून काय करणार? माश्या मारणार. तेव्हा साखराबाईनं डबा पुढ्यात ओढला.

आता आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. एसटीत दोन अनोळखी माणसं शेजारी बसली की दहा मिनिटांत पाहुणे निघतात. गाव कोणतं, मग तिथले फलाणे तुमचे कोण, मग त्यांची सून आमच्या मावसबहिणीची नणंद, आणि उतरताना एकमेकांना जेवायचं आवतण. साखराबाईनं त्याचाच खेळ केला. प्रत्येकाला पाच पत्रिका वाटायच्या. एकानं पत्रिका टाकून गोष्ट सुरू करायची, आणि सांगता सांगता आपल्या पत्रिकांमधली लग्नं, गावं, माणसं तिच्यात ओवत एकेक पत्रिका खाली टाकायची. पण सांगणाऱ्याच्या तोंडून तुमच्या पत्रिकेतलं गाव निघालं, की तुम्ही थाप मारून "सोयरीक!" म्हणायचं, पत्रिका टाकायची, आणि गोष्ट हिसकून घ्यायची. सांगणारा अडखळला तर बाकीचे पाचपर्यंत मोजणार, तेवढ्यात गाडी सुरू झाली नाही तर गोष्ट पुढच्याकडं. हातातली शेवटची पत्रिका टाकून जो "पंगत बसली" म्हणेल, तो जिंकला. सगळे पाहुणे एका पंगतीला बसले की गोष्टीला दुसरा शेवट असतोय कुठं?

असे लहानमोठे डाव पावसाळाभर व्हायचे. पण हंगामाचा डाव एकच, तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. तो जिंकणारीला येत्या लगीनसराईभर खिडकीजवळची जागा. हसू नका. वर पत्रे, शेजारी शाईचा नि रॉकेलचा वास, आणि मार्च-एप्रिलातलं निलंग्याचं ऊन! त्या एका खिडकीतून वारा यायचा आणि रस्ता दिसायचा. राजाच्या गादीला नसेल एवढा मान त्या जागेला होता.

नऊ वर्षं ती जागा साखराबाईची. बाईला अक्षर येत नव्हतं, चक्क अंगठेबहाद्दर. पण डब्यातली पत्रिका न् पत्रिका रंगावरून, गोंड्यावरून, कागदाच्या जाडीवरून ओळखायची; एकदा वाचून दाखवली की गावासकट पाठ. आणि सांगायला लागली की धोंडप्पा गल्ला सोडून आत यायचे. दानम्मा सात वेळा तिच्या मागोमाग दुसरी आली होती. सात वेळा! हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण विसरलीही नव्हती.

मग गेल्या चैत्रात, ऐन लगीनसराईत, साखराबाईच्या हातातून पत्रिका खाली पडली. तिनं उचलायला हात घातला, हात गेला नाही. दानम्माकडं बघून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून नुसता वारा आला. वीस दिवस लातूरच्या दवाखान्यात काढले. हात हळूहळू परतला, काठी टेकत पाय परतला. बोलणं तेवढं परतलं नाही.

खिडकीजवळची जागा रिकामीच राहिली. धोंडप्पांनी कुणाला बस म्हटलं नाही आणि कुणी बसलंही नाही. वर्षाराणी, कॉम्प्युटरवर पत्रिकांची डिझाइनं करणारी पोरगी, जिला जगात कशाचीच भीती नाही, तीसुद्धा तिथं साधी पर्स ठेवत नसे.

आणि आज, तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, दुपारी दोनला सुनेच्या खांद्यावर हात ठेवून साखराबाई प्रेसच्या दारात उभी राहिली. नवी कोरी इरकल नेसून, ठसठशीत कुंकू लावून. तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं, पण मान ताठ. आत येऊन ती कुणाकडं न बघता थेट सतरंजीवर बसली आणि डाव्या हातानं डबा पुढ्यात ओढला.

सून ऋतुजा चपला काढायच्या निमित्तानं ओट्यावर थांबली. तिनं दानम्माचा हात धरला.

"मावशी, एक मागते. आज आत्यांना जिंकू द्या."

"म्हंजे?"

"आरती अख्खी म्हनत्यात, मावशी. पन तहान लागली तर पानी मागता येईना. डॉक्टर म्हनले, जे पाठ हाय ते आपोआप येतं, नवीन बोलायला लई दिवस लागतील. आठ दिवस झाले, कॅलेंडरवर आजच्या तारखेला बोट ठिऊन बसून राहिल्यात. आज हरल्या तर पुन्हा घराबाहेर पडनार न्हाईत. मी वळखते त्यांना." ऋतुजाचे डोळे भरले होते.

"हाव," दानम्मा म्हणाली. "मी तिला अडवनार न्हाई."

शब्द दिला खरा, पण दिल्याबरोबर तो तिला सलायला लागला. आजारी माणसाला गोडाचा घास भरवतात तसं साखराबाईला जिंकणं भरवायचं? नऊ वर्षं जिनं आपल्याला पाणी पाजलं तिला? पण पोरगी रडत होती, आणि दानम्मा काही दगडाची नव्हती.

चौघांचा डाव बसला. दानम्मा, साखराबाई, वर्षाराणी आणि धोंडप्पा. ऋतुजा सासूला टेकून बसली. प्रत्येक पत्रिका दिसायला वेगळी, पाठीकडूनही ओळखू येणारी, म्हणून त्या पदराआड धरायची रीत होती. धोंडप्पा आपल्या टोपीत ठेवायचे.

वयानं मोठी म्हणून सुरुवात साखराबाईची. तिनं गुलाबी पत्रिका टाकली, मुखेडची.

"मु..." ती म्हणाली. "मु... मु..."

वर्षाराणीनं नियमाप्रमाणं मोजायला सुरुवात केली. "एक..." दानम्मानं तिच्याकडं असे डोळे वटारले की दोनला येईपर्यंत पोरीनं तीन वेळा खाकरून घेतलं.

"मुखेड," साखराबाई म्हणाली. कपाळावर घाम. "पोरगी. पाव्हनं... आलं." एकेक शब्द विहिरीतून बादली ओढावी तसा वर येत होता. जिच्या तोंडाला कधी लगाम नव्हता तिची ही गत बघवेना. धोंडप्पा टोपीतल्या पत्रिकांकडंच बघत राहिले.

मग साखराबाईनं मान वर केली, सरळ दानम्माकडं बघितलं आणि म्हणाली, "अर... धापूर."

अर्धापूरची पत्रिका दानम्माकडं होती. केळीच्या पानासारखी हिरवी, सोनेरी गोंड्याची. नियम सांगत होता, मार थाप. दानम्मानं पदर सारखा केला.

"हं, मग? पुढं?" ती म्हणाली, तोंडावर जगातलं सगळं भोळेपण आणून.

साखराबाई पदराकडं बघत होती. दानम्मानं खाली पाहिलं, तर हिरव्या पत्रिकेचा सोनेरी गोंडा पदराबाहेर लोंबत होता. तो मघापासूनच लोंबत होता. साखराबाईला तो पहिल्यापासून दिसत होता, आणि तो दिसला म्हणूनच तिनं एवढ्या कष्टानं अर्धापूरचं नाव काढलं होतं. दानम्मा खेळतेय की खेळवतेय, ते तिला बघायचं होतं.

साखराबाईचा चेहरा लाल झाला. हातातल्या पत्रिका तिनं सतरंजीवर भिरकावल्या आणि तोंड उघडलं.

"मुडदा बशिवला तुझा, भवाने!"

स्वच्छ. खणखणीत. एक अक्षर अडलं नाही. पंधरा वर्षं जशी ऐकली तशीच शिवी, त्याच चालीत, शेवटच्या 'भवाने'ला तोच जोर. ऋतुजाचा आ वासला. सहा महिन्यांत सासूच्या तोंडून तिनं सलग ऐकलेलं हे पहिलं वाक्य, आरती सोडली तर. साखराबाई स्वतःही क्षणभर दचकली. मग काठीकडं हात घालून उठायला लागली.

दानम्माला लाजही वाटली आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आले की तिचं काय होतं ते गल्लीला ठाऊक आहे. तिनं अर्धापूरची पत्रिका उपसली आणि सतरंजीवर अशी आपटली की डब्याचं झाकण उडालं.

"सोयरीक! बस खाली, म्हातारे! कुठं निघालीस? शिव्या देऊन पळून जातीस व्हय? आता रडलीस तरी सोडनार न्हाई तुला!"

"मावशी!" ऋतुजा म्हणाली.

"तू गप बस गं. हिची माझी गोष्ट हाय ही."

साखराबाई थांबली. पुन्हा बसली. विखुरलेल्या पत्रिका डाव्या हातानं एकेक करून गोळा केल्या. ऋतुजा मदतीला वाकली तर तिचा हात बाजूला सारला. आणि मग खरा डाव सुरू झाला.

दानम्मानं गोष्ट उचलली. मुखेडची मुलगी, अर्धापूरचा मुलगा, केळीवाल्यांचं घर. वऱ्हाड निघालं ते केळीच्याच ट्रकातून, घडांवर बसून. नवरदेवाच्या पाठीला चीक लागला, तो पुसायला ट्रक नदीवर थांबला. एकेक करत तिच्या आणखी तीन पत्रिका गेल्या. पुढं तिनं ट्रक देगलूरला बंद पाडला, आणि वर्षाराणीची थाप पडली.

वर्षाराणीनं तर कहर केला. देगलूरला मांडव दिसला म्हणून भुकेलं वऱ्हाड आत घुसलं, बुंदीचे लाडू हाणले, पान खाल्लं, आणि हात धुताना कळलं की हे लग्न दुसऱ्याचंच! धोंडप्पांना ठसका लागला. मुखेडला पोचेपर्यंत कुणाच्या पोटात जागा नाही, व्याह्यांची पंगत तशीच ताटकळलेली, आणि वरमाय उलट तिथंच रुसली. "म्हनली, माझ्या पोराच्या लग्नात मी भरल्या पोटानं बसू? माझं हसं झालं. मी निघाले माह्या माहेराला, लातूरला!"

"सोयरीक!"

थाप साखराबाईची होती. हा शब्दही तिला पाठच होता, हजार वेळा म्हटलेला. लातूरची पांढरी पत्रिका खाली पडली, आणि सगळे तिच्याकडं वळले. आता सांगायचं होतं.

तिनं तोंड उघडलं. काही नाही. "एक," वर्षाराणी म्हणाली, या वेळी खाकरली नाही. "दोन. तीन." साखराबाईचे ओठ हलत होते, शब्द शोधत नव्हते, कान देऊन ऐकल्यासारखे काहीतरी आठवत होते. "चार..."

"पुढं सरका!" साखराबाई ओरडली. "पुढं सरका, पुढं सरका, मागं लई जागा हाय! चला, तिकीट, तिकीट!"

पंधरा वर्षं रोज दोन वेळा ऐकलेला कंडक्टर तिच्या तोंडून बोलत होता. तिनं पदर डोक्यावरून ओढला, नाक मुरडलं, कोपरानं ऋतुजाला ढकललं आणि अंग चोरून बसली. रुसलेली वरमाय एसटीत बसली होती! दिसलीच की सगळ्यांना!

"अगं माय गं," वर्षाराणी पुटपुटली.

आणि मग बाई थांबली नाही. नवे शब्द तिच्याकडं नव्हते, पण जुने, सलग, चालीतले शब्द मनात गच्च भरलेले होते, आणि त्यांतून नेमके कोणते उचलायचे हे कळणारं डोकं होतं शाबूत! तिनं एक हात आडवा धरून मध्ये अंतरपाट केला आणि "शुभमंगल सावधान!" म्हणून डोळ्याला पदर लावला. म्हणजे तिकडं वरमायेवाचून अक्षता पडल्या. मग पदर झटकला, कंबर ताठ केली आणि दहा गावांना ऐकू जाईल असं सुरू केलं, "आमच्या येथे श्रीकृपेकरून..."

अख्खी पत्रिका! न वाचता येणाऱ्या बाईला अख्खी पत्रिका पाठ होती. नवऱ्या मुलाचं गाव यायच्या जागी तिनं दम घेतला आणि तिथं एक पत्रिका टाकली. वधूच्या गावाच्या जागी दुसरी टाकली, उदगीरची. "...यांचा शुभविवाह करण्याचे योजिले आहे, तरी आपण सहकुटुंब सहपरिवार..."

"मालक, कळलं का?" वर्षाराणी किंचाळली. "वरमाय माहेरी जाऊन पोराचं दुसरं लग्न ठरवून राहिलीय! उदगीरच्या पोरीशी!"

साखराबाईनं ऐटीत मान डोलावली आणि शेवटी पत्रिकेच्या खालच्या कोपऱ्यातली ती ओळ, बारीक बोबड्या आवाजात म्हटली, "आमच्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं!" धोंडप्पा टोपी बाजूला ठेवून डोळे पुसत होते, हसूनच की काय कोण जाणे. त्यांच्या पाचही पत्रिका टोपीतच राहिल्या.

दानम्मा हसली नाही. तिचा ऊर भरून आला होता. जी बाई पाणी मागू शकत नाही ती एसटी, मंगलाष्टक नि पत्रिका यांच्या तुकड्यांवर अख्खं लग्न उभं करते आणि मोडते! आणि ही बाई माझ्या शेजारी बसते, माझ्या सतरंजीवर, माझी चटणी खाते. दानम्माला वाटलं, रस्त्यावर जाऊन गावाला ओरडून सांगावं.

साखराबाईकडं आता एकच पत्रिका उरली होती. तीही सगळ्यांना ठाऊक होती, केशरी, निलंग्याची. वरमायेला निलंग्याला आणून पंगतीला बसवलं की डाव संपला, जागा तिची.

"नि..." ती म्हणाली. "नि... नि..."

एकटा शब्द येईना. "एक," वर्षाराणी म्हणाली, "दोन." साखराबाईनं डोळे मिटले. लांब उडी मारणारा चार पावलं मागं जातो तशी ती मागं गेली, लातूरच्या स्टँडावर गेली, आणि तिथून पळत आली.

"लातूर, औसा, लामजना, निलंगा!"

केशरी पत्रिका घेतलेला हात वर गेला. ऋतुजानं टाळीसाठी हात उचलले.

औशाची पत्रिका दानम्माच्या ओटीत होती. साधी, पातळ कागदाची, ना रंग ना गोंडा. दोन वर्षांपूर्वीची, पंचवीस रुपये शेकड्याच्या कागदावरची, कुणाच्या लक्षातही न राहिलेली. तिचीही ती शेवटचीच होती. आणि या वेळी पदराबाहेर काही लोंबत नव्हतं. गप्प बसली असती तर कुणालाच कळलं नसतं. ना धोंडप्पांना, ना वर्षाराणीला. ऋतुजानं पाय धरले असते. दिलेला शब्द राहिला असता.

पण दानम्माला कळलं असतं. आणि उद्यापासून खिडकीत बसलेल्या साखराबाईकडं बघताना रोज कळलं असतं. अशा बाईशी खोटं खेळायचं? मघाशी मूर्खपणा होता. आता तर ते पाप झालं असतं.

"सोयरीक!"

थाप एवढ्या जोराची होती की साखराबाईचा हात हवेतच राहिला.

"एसटी औशाला थांबली," दानम्मा म्हणाली. "ड्रायव्हर चहाला उतरला. वरमाय खिडकीजवळ बसलेली. बघती तर समोरून केळीचा ट्रक, त्यात पोरगा आणि नवी सून, हळदीच्या अंगानं सासूला हुडकत आलेली. पोरगी ट्रकातून उतरली, एसटीत चढली, म्हनली, आत्या, तुमी जेवल्याबिगर मी जेवनार न्हाई, मग दुसरी सून आना न्हाईतर तिसरी आना. वरमायेनं तिच्याकडं बघितलं. लई येळ बघितलं. मग म्हनली, पुढं सरक." दानम्मानं सतरंजीवर बोटानं पंगतीची ओळ ओढली. "औशाच्या स्टँडावर, केळीच्या पानावर, मुखेडची, देगलूरची, उदगीरची, सगळी बसली. पंगत बसली."

ऋतुजाचे टाळीसाठी उचललेले हात खाली आले.

"शब्द दिला होता तुमी, मावशी," ऋतुजा म्हणाली. तिचा आवाज थंड होता.

"दिला होता. मोडला."

साखराबाईनं ती औशाची पत्रिका उचलली. उलटली, सुलटली, अंगठ्यानं कागद चाचपला. ती लक्षात कशी राहिली नाही, असं कपाळावर आठ्या घालून बघितलं. मग ती खाली ठेवली, काठी घेतली आणि उठली. दानम्माकडं बघितलं नाही, खिडकीकडं बघितलं नाही. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी हंगाम सुरू झाला. धोंडप्पांनी यंत्राला हार घातला, पेढे वाटले आणि दानम्माला म्हणाले, "बस की गं, तुझी जागा."

सात वेळा हुकलेली जागा. दानम्मा बसली. वारा चांगला येत होता, रस्ता स्वच्छ दिसत होता, आणि तिला तिथं बूड टेकवत नव्हतं. घडी घालायला घेतली ती तिरकी गेली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा! आपण एका बाईला घरात कोंडून आलो, असं तिला वाटत होतं. आणि तरी कालचा डाव पुन्हा आला असता तर तिनं पुन्हा थाप मारली असती, हेही तिला ठाऊक होतं.

सव्वादहाला लामजन्याकडून येणारी एसटी समोर थांबली. दार उघडलं. आधी एक काठी खाली आली. मग एक पाय. मग बराच वेळ काही नाही, आतून कंडक्टर काहीतरी म्हणाला, त्याला कुणीतरी झिडकारलं. मग दुसरा पाय.

साखराबाई एकटी होती. सून नाही, कुणी नाही. खांद्याला डब्याची पिशवी. तिनं रस्ता ओलांडला, पायऱ्या चढली, दारातल्या धोंडप्पांना ओलांडून आत आली आणि खिडकीशी, दानम्माच्या पुढ्यात, येऊन उभी राहिली. दानम्माच्या हातातली तिरकी घडी तिनं काढून घेतली, बघितली, आणि तोंड वाकडं केलं.

मग तिनं डाव्या हाताचं एक बोट वर केलं.

"लातूर," ती म्हणाली. थांबली. पळत आली नाही. दुसरं बोट वर केलं. ओठ आवळले, कपाळावर शीर उठली. मधलं काहीतरी तोंडाशी आलं होतं, ते तिनं दातांत धरून मागं ढकलल्याचं दानम्माला स्पष्ट दिसलं.

"लामजना," साखराबाई म्हणाली.

तिसरं बोट.

"निलंगा."

मधला औसा गाळून! साखराबाईनं दानम्माकडं बघितलं, तिच्या बुडाखालच्या जागेकडं बघितलं, काठीनं त्या जागेवर दोनदा ठोकलं, आणि जाऊन दानम्माच्या जुन्या कोपऱ्यात पत्र्याखाली बसली. डाव्या हातानं पत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात ओढला आणि पहिली घडी घातली. काठाला काठ बसला होता.

"धोंडप्पा अण्णा," दानम्मा डोळे पुसत ओरडली, "पुढच्या तुळशीच्या लग्नाला किती दिवस हायत हो?"